दौलतरावांचा ओटा

रिसोडला आमच्या गल्लीत दौलतरावांची पिठाची गिरणी आहे. पण गिरणीपेक्षा त्यांचा ओटाच जास्त चालायचा. संध्याकाळी गिरणी बंद केली की दौलतराव ओट्यावर सडा मारून बसत आणि गल्लीचा कारभार सुरू होई. पगार नाही, पण अधिकार सगळे.

समोरच्या नानीबाई त्या ओट्याच्या कायमच्या मानकरी. नवरा गेल्यापासून घरात एकट्याच. ताटात तुरीची डाळ घेऊन यायच्या आणि निवडता निवडता साऱ्या गल्लीची विचारपूस करायच्या. त्यांचं घर उताराच्या टोकाला, सगळ्यांत खाली, आणि त्याला ओटाही नाही.

नगर परिषदेनं आमच्या गल्लीला सिमेंटचा रस्ता मंजूर केला, दोन्ही बाजूंच्या नालीसकट. इंजिनिअर टेप घेऊन आले आणि घराघरासमोर लाल रेघ मारून गेले. रेघेबाहेर जेवढा ओटा येईल तेवढा तोडायचा, कारण ती जागा नगर परिषदेची. आमच्याकडचा माणूस एकवेळ शेताचा धुरा, म्हणजे बांध, सोडेल, ओटा सोडायचा नाही. दौलतरावांनी गल्ली गोळा केली आणि इंजिनिअरला पुन्हा बोलावलं.

"साहेब, नाली राहू द्या. नुसता रस्ता द्या."

"नाली वगळली तर तिचा निधी दुसऱ्या वॉर्डात जाईल," इंजिनिअर म्हणाले. "पुन्हा मागायची तर सभेत नवा ठराव, नवं अंदाजपत्रक, नवी मंजुरी. वर्षं जातात त्यात."

"जाऊ द्या. पाणी काय, उताराले लागते अन् निघून जाते."

"मले नाली पायजे," नानीबाई मागून म्हणाल्या. "माहं घर खाली हाये, भाऊजी."

दौलतराव हसत वळले. "वैनी, रोज बसता कोणाच्या ओट्यावर?"

सगळे हसले. नानीबाईंनी मान खाली घातली आणि पुढे एक शब्द काढला नाही. दौलतराव वाईट माणूस नव्हे, चेष्टेतच बोलले. पण गरिबाचं तोंड बंद करायला चेष्टेइतकं सोपं दुसरं काही नसतं, आणि मला त्या हसण्याचा अजून राग येतो.

ठेकेदारानं जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतला. रस्ता नानीबाईंच्या उंबऱ्याच्या वीतभर वर गेला. पावसाळ्यात गल्लीचं सगळं पाणी त्यांच्या घरात शिरलं. गहू भिजला, गाद्या भिजल्या. दौलतरावांनी स्वतः बादलीनं पाणी उपसलं, उंबऱ्यावर विटांचा बांध घालून दिला. पुढच्या पावसात पाणी बांधावरूनही आलं. शेवटी मुलगी येऊन नानीबाईंना मेडशीला घेऊन गेली. समोरच्या दाराला कुलूप लागलं.

मग दौलतराव नगर परिषदेच्या पायऱ्या झिजवू लागले. इंजिनिअर बदलले होते. नवे म्हणाले, रस्त्याच्या हमीची मुदत संपेपर्यंत तो खोदता येणार नाही, आणि नाली हवी तर आधी गल्लीनं ओटे काढावेत. दौलतराव घरी आले आणि पहार घेऊन स्वतःचा ओटा फोडायला लागले. आम्हा सगळ्यांना वाटलं, एकानं फोडला की बाकीचेही फोडतील. ते दारोदार सांगत फिरले, पण कोणीच फोडला नाही. ज्या माणसाच्या शब्दाखातर गल्लीनं नाली सोडली, त्याच्या शब्दाखातर कोणी एक वीट हलवली नाही.

दिवाळीनंतर ते एसटीनं मेडशीला गेले. परत आल्यावर त्यांनीच मला सगळं सांगितलं. नानीबाईंनी चहा केला. गिरणीची, सुनेची, एकेका घराची चौकशी केली. दौलतरावांनी हात जोडले.

"वैनी, चुकलं माहं. चला घरी. नाली होईपर्यंत पावसाळ्यात आमच्याकडं राहा."

"राग नाही हो भाऊजी," नानीबाई म्हणाल्या. "इथं पोरगी सारं करते, पण बोलाले कोणी नाही. पाण्याचं काय, पाऊस सरला की घर वाळते. मी येतो. संध्याकाळी तुमच्या ओट्यावर येऊन बसलं की मले दुसरं काय लागते?"

दौलतरावांना तेव्हा सांगावं लागलं.

नानीबाईंनी विचारलं, "मंग भाऊजी, मी येऊन बसू कुठं?"