राजवाड्याच्या बॅगा आणि कावडीचा गोटा

माझ्या सायकलच्या डाव्या बॅगेवर राजवाड्याचा अर्धा खांब रंगवलेला आहे आणि उजव्या बॅगेवर सिंहासनाचे दोन पाय. राजा कुठे गेला ते मला माहीत नाही. बहुधा तो वडशाच्या शिंप्याकडे उरलेल्या कापडात राहिला असेल. हँडलला बांधायच्या छोट्या बॅगेवर एक हिरवा पोपट आहे, तोही मानेपर्यंतच.

या बॅगा आधी झाडीपट्टीतल्या नाटकाचा पडदा होत्या. वडशात हिवाळाभर नाटकांची धावपळ असते, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला बसणारे शिंपीचाचा कंपन्यांचे पडदे शिवतात, फाटले की सांधतात. मी त्यांच्याकडे गेले कारण दुसरीकडे जाण्यासारखं नव्हतं. सायकलवर लांब जाणाऱ्या लोकांच्या बॅगा मी फोनवर पाहिल्या होत्या, किंमत पाहिली आणि फोन बंद केला.

मी गडचिरोलीच्या कॉलेजात बी.एस्सी. करते. माझे बाबा राइस मिलमध्ये हमाल आहेत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. हे मी अभिमानानं सांगत नाही, उलट वर्गात बऱ्याचदा त्यामुळे गप्प बसते. पण वनस्पतिशास्त्राच्या सरांनी एकदा विचारलं की जुन्या धानाचं बियाणं गावागावांतून कोण आणेल, कॉलेजच्या शेतात लावून पाहू, तेव्हा माझा हात वर गेला. धानाच्या पोत्यांमध्येच वाढले, म्हणून गेला असेल. हॉस्टेलच्या खोलीतली माझी मैत्रीण माडिया आहे, तिचं गाव एटापल्लीच्याही पुढे. ती म्हणाली, "माह्या मोठ्या आईजवळ काळ्या कुसळाचं धान आहे. आता तेच एक घर लावते. पण मांगायले तुलेच यावं लागन."

आम्ही वडशाहून सायकलनं जायचं ठरवलं. रस्त्यातल्या गावांमध्ये हॉस्टेलच्या मुलींची घरं होती, मुक्कामाची चिंता नव्हती, आणि प्रत्येक घरी थांबून धान विचारता येणार होतं. माझी सायकल शाळेत असताना मिळालेली, पुढे जाळीची टोपली असलेली.

शिंपीचाचांनी आधी टोपली काढून टाकायला लावली. मग म्हणाले, "बैठ सायकलवर. पैडल मार." मी दुकानासमोर, एका जागी, स्टँडवर सायकल चढवून पैडल मारू लागले. येणारे-जाणारे बघत होते. चाचा उकिडवे बसून माझ्या टाचेकडे पाहत होते आणि खडूनं हवेतच रेघ ओढल्यासारखं करत होते.

"झोला मोठा मागते तू. पण टाच लागली ना झोल्याले, तर दहा कोस जाशील आन रडशील. थोडा मागं घेऊ."

मागच्या दोन बॅगा त्यांनी कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना लोंबतील अशा शिवल्या. आत बांबूच्या कामट्या घातल्या, म्हणजे बॅग चाकाच्या तारांत जाणार नाही. खालून एक पट्टा दिला, खड्ड्यात हेलकावू नये म्हणून. आतून मंडपाच्या जुन्या ताडपत्रीचं अस्तर लावलं. हँडलच्या बॅगेपर्यंत ताडपत्री संपली.

"ह्याच्यात पाण्याले भिते असं काही ठेवू नको," ते म्हणाले. "पाण्याची बाटली, वही, रुमाल, बस. आन जड तर बिलकुल नाई. पुढचं चाक रस्ता पाहते बेटी, त्याच्या डोक्यावर बोजा दिला तर ते कुठी पाहीन?"

मी हो म्हटलं. मला कुणी काही सांगितलं की मी लगेच हो म्हणते, आणि खोलीवर आल्यावर विचार करते की नेमकं काय सांगितलं होतं.

रस्ताभर त्या बॅगांनी आमची करमणूक केली. आरमोरीच्या पुढे एका चहाच्या टपरीवर म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "काऊन वं पोरी, नाटक कुठी हाय?" चामोर्शीजवळ दोन माणसं मोटरसायकल वळवून मागे आली. त्यांना तिकिटं हवी होती. मी खरं सांगायला लागले की धान गोळा करतोय, तर त्यातला एक हसून म्हणाला, "मस्त नाव हाय. लावणी हाय का त्याच्यात?" मैत्रिणीनं तोवर ठरवून टाकलं होतं. पुढे कुणी विचारलं की ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "राजा मागून येऊन राह्यला. राणी हेच." तिच्या सायकलला काहीच बॅग नव्हती. कॅरिअरवर टॉवेलमध्ये बांधलेलं गाठोडं आणि त्यावर रबरी ट्यूब, एवढंच.

मुक्कामाच्या घरांतून मूठ-मूठ धान मिळत गेलं. मी ते कागदी पुड्यांत बांधून, वर नाव लिहून, मागच्या बॅगांत दोन्हीकडे सारखं ठेवत होते. सायकल चांगली चालत होती. आलापल्लीनंतर ट्रकांची लाल धूळ बॅगांवर बसली आणि राजवाडा वीटभट्टीसारखा दिसू लागला.

मोठ्या आईच्या, म्हणजे मैत्रिणीच्या थोरल्या काकूच्या, घरी आम्ही दोन दिवस राहिलो. ती मराठी थोडं बोलते, बाकी माडियात. मैत्रीण मधे बसून सांगायची. धान मागायला माझी जीभ रेटत नव्हती. हे बियाणं तू सांभाळशील का, असं ती विचारेल याची भीती होती. तिनं विचारलं नाही. छताच्या लाकडाला तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे, दोन गोळे टांगलेले होते, डोक्याएवढे, तणसाच्या दोरीनं घट्ट वळलेले. ती म्हणाली, "विज्जा," म्हणजे बियाणं. मागच्या वर्षी रानडुकरांनी धान खाल्लं, म्हणून दोनच गोळे झाले, नाहीतर चार असतात. गावात बाकी सगळ्यांनी नवं बियाणं घेतलं होतं. काळ्या कुसळाचं धान जगात एवढंच उरलं असेल असं मी म्हणत नाही, पण आम्हाला माहीत असलेलं तेवढंच होतं.

तिनं त्यातला एक गोळा काढून माझ्या हातात दिला. अर्धं बियाणं.

निघताना तिनं स्वतः तो गोळा माझ्या उजव्या बॅगेत ठेवला. मग दोन्ही हातांनी दोन्ही बॅगा खालून उचलून पाहिल्या, कावड उचलून पाहतात तसं. डावी हलकी होती. ती आत गेली. पडवीत कावडीची काठी टांगलेली होती, तिच्याखालून एक गुळगुळीत काळा गोटा घेऊन आली आणि माझ्या डाव्या बॅगेत टाकला.

मैत्रीण म्हणाली, "कावडीत एका बाजूले ओझं असलं का दुसऱ्या बाजूले हा गोटा टाकतेत. माह्या आजोबाच्या वेळचा हाय. परत येशील तवा आणजो म्हणते."

मी हो म्हटलं.

गाव दिसेनासं झालं तेव्हा मी थांबले. पुढे चढ होता. एवढ्या लांब एक दगड वाहून न्यायचा, ही गोष्ट मला पटत नव्हती. दगड रस्त्यात कुठेही मिळतात. शिवाय, मनात एक होतंच, की मी शिकलेली आहे, मला वजन विभागता येतं. मी गोटा काढला आणि एका मोहाच्या झाडाखाली टाकला.

"टाकू नको," मैत्रीण म्हणाली.

"परत येताना घेऊ," मी म्हटलं, जणू आम्ही परत त्याच दिवशी येणार होतो.

मी सायकलवर बसले. थोडं पुढे गेल्यावर मागे वळून पाहिलं तर ती नव्हती. मी थांबले. ती आली तेव्हा म्हणाली, चेन पडली होती.

गोटा नसल्यानं सायकल उजवीकडे ओढू लागली. मग मी तणसाचा गोळा काढून हँडलच्या बॅगेत ठेवला, म्हणजे मधोमध वजन आणि डोळ्यांसमोर बियाणं. याचं दुसरंही कारण आहे. आमच्या घरात किमती वस्तू मांडीवर घेऊनच प्रवास होतो. बाबा एसटीत मिठाईचा डबासुद्धा कधी वरच्या फळीवर ठेवत नाहीत. जे जपायचं ते हातात धरायचं, एवढंच मला येत होतं. बॅग बंद होईना, पोपटाच्या डोक्यावर तणस बाहेर आलं. मला बरं वाटलं, दिसत होतं ना.

वाटेत नाल्यावर रपटा आहे, सिमेंटचा, त्यावरून घोटाभर पाणी वाहत असतं. उतारावरच हँडल जड होऊन इकडेतिकडे जाऊ लागलं. रपट्यावर शेवाळ होतं. पुढचं चाक एकदम वळलं आणि मी सायकलसकट आडवी झाले. उठून बसेपर्यंत गोळा पाण्यात पडून वाहत निघाला होता, हलका, डुलत, कुणी खेळायला सोडल्यासारखा.

मैत्रिणीनं सायकल टाकली आणि कपड्यांसकट नाल्यात उतरली. करंजाच्या मुळांत गोळा अडकला, तिथे तिनं तो धरला. परत आली तेव्हा कमरेपर्यंत भिजली होती आणि गोळ्यातून पाणी गळत होतं.

"गेली असती राणी समुद्रात," ती म्हणाली. मला हसू आलं नाही.

मला धान भिजल्यावर काय होतं ते चांगलं माहीत आहे. मिलमध्ये ओल्या पोत्याला दोन दिवसांत कोंब येतात, नाहीतर वास. कॉलेजात पोहोचायला आम्हाला चार दिवस लागणार होते. मी म्हटलं, आपण इथेच ऊन पाहून वाळवू. ती म्हणाली, "तुले वाळवता येते का?" मी म्हटलं, नाही. मग आम्ही परत फिरलो. मी सायकल हातात धरून चालले, सगळा रस्ता वाक्य जुळवत. "मोठी आई, माझी चूक झाली." "मोठी आई, पाणी जास्त होतं." दुसरं वाक्य खोटं होतं म्हणून मोहाच्या झाडाआधी सोडून दिलं.

त्या झाडाखाली गोटा नव्हता. मी गवत उलटून पाहिलं. मैत्रीण पुढे चालत राहिली.

मोठी आई अंगणात होती. तिनं गोळा पाहिला, माझ्या चिखलाच्या बाहीकडे पाहिलं, डावी बॅग उचलून पाहिली आणि मराठीत विचारलं, "गोटा कुठी?"

जुळवलेल्या वाक्यांत गोट्याचं एकही नव्हतं.

तेव्हा मैत्रिणीनं तिच्या कॅरिअरवरचं गाठोडं सोडलं. टॉवेलच्या आत, तिच्या बदलायच्या कपड्यांमध्ये, तो काळा गोटा होता. तिनं तो मोठ्या आईच्या हातात दिला आणि माडियात काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. मोठी आई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग उघडच.

तिनं गोळ्याची दोरी सोडली. बाहेरचं तणस चिंब होतं. आत पळसाची पानं होती, एकावर एक, आणि त्याआत राख लावलेलं धान. तिनं मधला एक दाणा घेऊन दातांखाली धरला. कट्ट असा कोरडा आवाज आला. दुसरा, तिसरा. मलाही एक दिला. मी चावला, माझ्याही तोंडात तो आवाज आला, आणि मी रडले. फक्त एका बाजूनं, जिथे पान फाटलं होतं, तिथलं ओंजळभर धान ओलं झालं होतं. ते तिनं सुपात वेगळं काढलं.

मग छताचा दुसरा गोळा खाली घेतला, तिचा स्वतःचा, आणि त्यातून बरोबर ओंजळभर धान काढून माझ्या गोळ्यात घातलं.

"नको," मी म्हटलं.

"गप घे वं," मैत्रीण म्हणाली. "तिनं ओंजळ मोजून देल्ली. अर्धं म्हणजे अर्धं."

नव्या तणसात गोळा बांधून झाला तेव्हा ऊन उतरलं होतं, म्हणून राहिलो. ओलं धान तिनं वाळवून कांडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याचीच पेज पिऊन निघालो. गोळा उजव्या बॅगेत, गोटा डाव्या. हँडलला पाण्याची बाटली, वही, रुमाल. रपट्यावर मी उतरून चालले.

गोटा वर्षभर हॉस्टेलच्या खोलीत माझ्या पलंगाखाली होता. कॉलेजच्या शेतात धान उगवलं. सगळं नाही, पण बरंच. कार्तिकात लोंब्यांना काळी कुसळं आली तेव्हा सर बूट बांधावर काढून शेतात उतरले, आणि त्यांच्यामागे मीही. कापणीनंतर मी बाबांकडून तणसाची दोरी वळायला शिकले. त्यांना आश्चर्य वाटलं की कॉलेजात हे लागतं.

या हिवाळ्यात आम्ही दोघी पुन्हा गेलो. निघण्याआधी चाचांनी हँडलच्या बॅगेलाही ताडपत्री लावून दिली. मी त्यांना नाल्याची गोष्ट सांगितली तर म्हणाले, "मी सांगितलं व्हतं ना?" मी हो म्हटलं, या वेळी विचार करून.

मोठ्या आईनं दोन्ही बॅगा खालून उचलून पाहिल्या. उजवीकडे कॉलेजच्या शेतातल्या धानाचा गोळा, डावीकडे गोटा. तिनं मान हलवली, गोटा काढला आणि पडवीत कावडीखाली, त्याच्या जागी ठेवला. मग तणसाचा गोळा वर टांगला. तिच्या नव्या पिकाचे दोन होते, आता तीन झाले.

परतताना बॅगा जवळजवळ रिकाम्या होत्या. मोहाच्या झाडाजवळ मी मैत्रिणीला विचारलं, "त्या दिवशी तुझी चेन खरंच पडली होती का?"

"पडली होती न," ती म्हणाली, आणि पुढे निघून गेली. तिच्या सायकलची चेन त्या दिवसाआधी कधी पडली नव्हती. नंतरही नाही.