समोशाच्या बदल्यात भाकरी

काल ऑफिसखालच्या गाडीवर समोसे तळणाऱ्या बाईंना एक मुलगा म्हणाला, "मावशी, एखादा तुम्ही पण खा की." त्या हसल्या. "नको रे बाबा. दिवसभर वास घेऊन घेऊन खाववत नाही." आणि त्यांनी आपला भाकरीचा डबा उघडला.

चहाचा कप हातात धरून मी तशीच उभी राहिले.

आमच्या शाळेच्या कँटीनमध्येही अशाच दिवसभर समोसे तळणाऱ्या एक मावशी होत्या. सहावीत माझ्या युनिफॉर्मची शिवण दोनदा उसवून सैल करावी लागली होती. मधल्या सुट्टीत मी दोन समोसे घेऊन कँटीनच्या मागे जायची, कारण वर्गात बसलं की मुली म्हणायच्या, "जपून गं, बाक मोडेल." मागच्या पायरीवर मावशी जेवायला बसलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "त्यातला एक मला दे गं, मला लई आवडतो. तू माझी अर्धी भाकरी घे, मेथी केलीय." मग ते रोजचंच झालं. मला वाटायचं, मीच त्यांच्यासाठी काहीतरी करतेय.

माझं वजन त्याने फारसं उतरलं नाही. पण वर्षभर कोणीतरी माझ्या शेजारी बसून जेवत होतं, आणि माझ्या खाण्यावर एक शब्द बोलत नव्हतं. भाकरी मला आवडते ती तेव्हापासून.

आणि मावशी तो समोसा रोज माझ्यासमोर मिटक्या मारत खायच्या, शेवटच्या तुकड्यापर्यंत.