एकशे सात आणि एकशे बारा

मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकायचं, अर्ध्या तासाचं काम आहे, असं मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मंडईजवळच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात मी संगणक सांभाळत असे. शिक्षकांच्या जागांसाठी अर्ज मागवले होते, तेही फक्त ईमेलने. शनिवारी संध्याकाळी पाचला मुदत संपणार होती. आणि मी शुक्रवारी दुपारी जुनं सॉफ्टवेअर काढलं, कारण ते दोन दिवस अडखळत होतं आणि ऐन शेवटच्या दिवशी बंद पडेल अशी मला भीती होती.

नवीन टाकताना सगळं नीट झालं. फक्त शेवटी एक ओळ आली: सेवा सुरू होऊ शकली नाही. का, ते नाही. मी पुन्हा काढलं, पुन्हा टाकलं. तीच ओळ. संध्याकाळी वारज्याला घरी गेलो तो चिडूनच.

शनिवारी सकाळी आठला येऊन बसलो. इंटरनेटवर शोधलं, तर आठ वर्षांपूर्वी कुणालातरी नेमकी हीच अडचण आली होती. त्याने सविस्तर लिहिलं होतं आणि खाली स्वतःच उत्तर दिलं होतं, ‘सुटलं, धन्यवाद.’ कसं सुटलं, याबद्दल अक्षर नाही. त्या माणसाचा मला इतका राग आला की मी उठून पाणी पिऊन आलो. मग कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवून पलीकडचा म्हणाला, “सर, एकदा अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करून बघा.”

“दोन वेळा केलंय.”

“अजून एकदा करून बघा सर.”

केलं. तीच ओळ.

अकराच्या सुमारास एक तिशीतली बाई फाईल घेऊन दारात उभी राहिली. ती वाघोलीहून दोन बस बदलून आली होती. “रात्री अर्ज पाठवला, तर सकाळी मेसेज आला की अजून पोचला नाही म्हणून. फोन केला तर एंगेज. म्हणून प्रिंट काढून आले. घ्याल ना?”

आमच्याकडे आवक-जावक बघणाऱ्या बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांनी अर्ज घेतला, पोच दिली आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “घेतो. कागद आमच्याकडे अजून सुरू होतो.”

मुदतीत आलेले कागदी अर्जही धरा, हे सांगायला मी संस्थेच्या सचिवांना फोन केला, तर ते म्हणाले, “तुम्ही अर्धा तास म्हणाला होतात.”

दुपारपर्यंत आधी काय केलं आणि नंतर काय, हेच मला आठवेनासं झालं. शेवटी मी आवक-जावकच्या बाईंना म्हटलं, “मी पहिल्यापासून एकेक गोष्ट तपासतो आणि मोठ्याने वाचतो. तुम्ही लिहून घ्याल का?”

“घेते. सावकाश सांगा.”

मी स्क्रीनवर दिसेल ते वाचत गेलो, त्या आखीव कागदावर उतरवत गेल्या. दुसऱ्या पानावर त्यांनी पेन थांबवलं. “अहो, मघाशी जुन्या टपालाच्या फोल्डरचा मालक एकशे सात म्हणालात. आता मेलच्या खात्याचा क्रमांक एकशे बारा सांगताय. दोन्ही एकच ना? मग कुठला धरू?”

मी कागद ओढून घेतला. सॉफ्टवेअर काढताना त्याचं संगणकावरचं खातंही पुसलं गेलं होतं. पुन्हा टाकल्यावर त्याच नावाचं खातं तयार झालं, पण नव्या क्रमांकाचं. संगणक नाव बघत नाही, क्रमांक बघतो. म्हणून त्या बिचाऱ्या सॉफ्टवेअरला स्वतःचंच जुनं टपाल उघडायला परवानगी नव्हती. सकाळपासून ते दोन्ही आकडे मी दहा वेळा पाहिले असतील.

एका ओळीची आज्ञा देऊन फोल्डरची मालकी बदलली. पाचच्या आत सेवा सुरू झाली. थोड्याच वेळात वाटेत अडकलेले अर्ज एकामागून एक येऊ लागले. त्यात वाघोलीच्या बाईंचाही होता. मला आनंद झाला नाही, नुसता थकवा आला आणि स्वतःचाच संताप.

सोमवारी सचिवांनी अहवाल मागितला. मी लिहिलं, ‘सखोल तपासणी करून तांत्रिक अडचण दूर करण्यात आली.’ कुणी दूर केली, ते लिहिलं नाही. विसरलो नव्हतो. आठवत असूनही गाळलं.

अहवाल आधी आवक-जावकच्या बाईंच्या टेबलावरून जायचा. त्यांनी तो सावकाश वाचला, नोंद केली आणि वर पाठवण्याच्या कागदांत ठेवला.

“सखोल,” त्या म्हणाल्या. “छान शब्द आहे.”

अहवाल परत मागून दुरुस्त करावा, असं त्या दिवशी दोनदा मनात आलं. मी मागितला नाही.