दुसऱ्या ग्लासातली धुरी

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि ज्यांनी ज्यांनी गेल्या चार वर्षांत माझ्या हातचं खाल्लं आहे अशा सर्वांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, आमच्या घराण्याचं सुप्रसिद्ध नाक – म्हणजे माझं – बंद पडलेलं आहे. कोरोनाच्या तापात वास गेला, तो परत आलाच नाही.

आता कुणी दचकू नका. हो, मागच्या दिवाळीत बासुंदी जराशी आंबली होती. तुम्ही सगळे सभ्य, कुणी बोलला नाहीत. मीही पातेल्याचं झाकण उचलून डोळे मिटून 'अहाहा!' म्हणाले होते. त्यात काय अवघड? हौशी नाटकांत तीन वेळा राणी झालेली बाई आहे मी. एके काळी तिसऱ्या मजल्यावर कुणाचं दूध लागलं तर तळमजल्यावरून ओरडून सांगायचे. ही कीर्ती जपायची म्हणून चार वर्षं अभिनय केला. खरं फक्त माझ्या नवऱ्याला आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना माहीत होतं. डॉक्टर म्हणाले होते, "एवढ्या वर्षांत नाही आला, आता आशा नको."

हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे पुढचा प्रसंग. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. कुणी मुंज्याची गोष्ट सांगायला लागलं की मी मधेच विचारते, "त्याचं आधारकार्ड पाहिलंत का?" आणि नवरा श्रीकांत तर केमिस्ट्रीचा प्राध्यापक. आमच्या घरात भूत आलं तर हा त्याला आधी लिटमस पेपर लावेल.

तर – गेल्या फेब्रुवारीत लग्नाला तीस वर्षं झाली. श्रीकांत म्हणाला, "चल, तुला वाइन टूरला नेतो." वास न येणाऱ्या बाईला वाइन टूर! दातदुखी झालेल्याला हुरडा पार्टीला नेण्यातला प्रकार. पण मी गेले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःहून काहीतरी सुचलं होतं, त्याला नाउमेद कशी करणार?

शनिवारी इंदापूरकडून नरसिंहपूरला गेलो. देवदर्शन झालं, घाटाच्या पायऱ्यांवर बसून नीरा आणि भीमा एकमेकींत कशा मिसळतात ते पाहिलं, शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी खाल्ली. परत येताना भवानीनगरच्या आसपास उसाच्या ट्रॅक्टरांची ही रांग. गाळप हंगाम जोरात. श्रीकांतने घाईघाईने काचा वर केल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"मळीचा वास. तुला..." आणि त्याने जीभ चावली. मग उगाच म्हणाला, "फार नाहीये."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. ऊस, ऊस, ऊस. त्या वासाला लोक नाकं मुरडतात... मी तेव्हा तो पैसे देऊन घेतला असता.

रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला आम्ही बारामतीजवळ पिंपळीच्या शिवारात एका बागेत पोचलो. सुहास नावाचा सव्वीस वर्षांचा हुशार मुलगा ती चालवतो. घरची द्राक्षं. जवळच्या एका वायनरीतून तो त्यांची वाइन करून घेतो आणि शेतावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहुण्यांना चाखायला देतो. शेडला झुळझुळीत पडदे, टेबलावर गोधडीचं कापड, समोर तुळशीवृंदावन. आणि वृंदावनाच्या कट्ट्यावर सुहासचे वडील, म्हणजे आबा – पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ.

"आबा, तुम्ही माळकरी. आणि पीक वाइनचं?" मी पहिल्याच मिनिटाला विचारलं. गप्प बसणं मला जमत नाही.

"माळ माझ्या गळ्यात हाय, ताई. वेलाच्या न्हाय," आबा म्हणाले.

माझी आणि त्यांची तिथेच गट्टी जमली.

सुहास ग्लास मांडेपर्यंत आबांनी मला बाग दाखवली. बारीक, काळीनिळी द्राक्षं. मी एक तोंडात टाकलं – जाड साल, बियाच बिया. आबा हसले. "ही खायाची न्हाईत, ताई." मग विहिरीकडच्या एका तुकड्यापाशी थांबले. एवढाच एक एकर. इथले वेल इतरांपेक्षा जुने, खोडं मनगटाएवढी, साल सुटलेली. आबा एका खोडावर हात ठेवून उभे राहिले.

"उद्या जेसीबी येनार हाय," ते म्हणाले. "हे समदं उपटायचं. ऊस लावायचा."

"का?"

"माल निम्म्याव आलाय. पोराचं चुकत न्हाय काय. पन ही बाग मी आन् पोराच्या आयनं, हिरानं लावलेली. ती जाऊन पाच वर्सं झाली." खोडाची सुटलेली साल अंगठ्याने दाबत म्हणाले, "मी म्हनलं, ह्या तुकड्याची वाइन येगळी हाय. तर पोरगं म्हनतंय, तुमी थेंब चाखला न्हाय, तुमाला कसं कळतं? मग शर्यत लागली. पाव्हन्यांफुडं तीन ग्लास ठेवायचं, नाव न सांगता. एकानं जरी जुनी बाग वळखली, आन् का वळखली ते सांगितलं, तर बाग ऱ्हाईल."

"मग?"

"म्हैना झाला. लोक येत्यात, फोटो काढत्यात, 'नाइस' म्हनत्यात. आज शेवटचा दिस. आन् आज तुमीच दोघं."

 महिनाभर चांगल्या धडधाकट नाकांची माणसं येऊन गेली, आणि या म्हाताऱ्याच्या बागेचा निकाल माझ्यावर?

मी मनातल्या मनात कट रचला. वास येत नाही ना, न येवो. आबांचा चेहरा वाचायचा! बरोबर ग्लासाला हात लावला की त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हलेलच. तीन वेळा राणी झालेल्या बाईला एवढं कळतंच.

पण आम्ही शेडमध्ये बसलो तर आबा आमच्याकडे पाठ करून, तुळशीकडे तोंड करून बसलेले!

"आबा, इकडे बसा की!" मी लाडिक आवाजात म्हटलं.

"नगं. शर्यत म्हंजी शर्यत."

झालं. गेला कट.

आधी श्रीकांतने चाखलं. तिन्ही ग्लास उजेडात धरले, फिरवले, नोंदी केल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाला, "पहिला. आम्लता जास्त आहे."

सुहासने मान हलवली. "नाही सर. ती नवी बाग."

आबांची पाठ किंचित वाकली. एवढंच.

मग मी. ओढणी सावरली, पहिला ग्लास नाकाशी नेला आणि खोल श्वास घेतला... नेहमीसारखंच. कोरी पाटी. "हं... गंभीर आहे, पण मनमोकळी," मी म्हणाले. श्रीकांतने खाली मान घातली. तिसरा ग्लास घेतला. काही नाही. "ही जरा लाजाळू वाटते." सुहास सभ्यपणे हसला. महिनाभर असलंच ऐकत असणार बिचारा.

मग दुसरा ग्लास उचलला. नाकाशी नेला.

कसं सांगू... चार वर्षं बंद खोलीचं दार कुणीतरी आतून उघडावं तसं झालं. वाइनचा वास नव्हता. ओवा. निखाऱ्यावर टाकलेला, तडतडणारा ओवा! त्याच्या मागून शेपा, वावडिंग, आणि गरम शेणीचा कोंदट, मायाळू धूर. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी. माझी मुलगी झाली तेव्हा माहेरी सव्वा महिना मी रोज धुरीच्या शेगडीपाशी केस मोकळे सोडून बसत होते आणि आई बाळाला धुरावरून फिरवत होती. मला क्षणभर मुलीच्या टाळूचासुद्धा वास आल्यासारखा वाटला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अभिनय कुठल्या कुठे गेला, आणि मी खुळ्यासारखं विचारलं,

"घरात बाळंतीण आहे का हो कुणी?"

"बाळंतीण?" सुहास म्हणाला. "मॅडम, घरात आबा आणि मी. माझं तर लग्नसुद्धा झालं नाही."

"मग धुरी कुणी केली? ओव्याची... शेपांची... या ग्लासात आहे ती!"

आबा वळले. पहिल्यांदाच. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी ग्लास खाली ठेवला.

"कुठला गलास?" त्यांनी विचारलं.

"दुसरा."

सुहासने ग्लासाखालची खूण पाहिली. मग हळूच म्हणाला, "दुसराच आहे. जुन्या बागेचा."

आता श्रीकांतमधला प्राध्यापक उठून उभा राहिला. त्याने मला तोंड फिरवायला लावलं, डोळ्यांना माझीच ओढणी बांधली आणि ग्लासांच्या जागा बदलल्या. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी तर त्याने लबाडी करून तिन्हींत नव्या बागेचीच वाइन ओतली होती. पहिल्या दोन्ही वेळा मी बरोबर ग्लास उचलला, आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, "यांत नाहीच आहे. कुठे लपवलास?" त्याने स्वतः हुंगून पाहिलं, सुहासने पाहिलं. दोघांनाही फक्त वाइनचा वास. चूल घराच्या पार पलीकडे, तीही सकाळपासून थंड. मी स्वतः जाऊन राखेत हात घालून आले.

मग आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चोरी कबूल केल्यासारखं बोलायला लागले.

"ही रोपं लावायची हुती तवा शेतकीचं सायेब आल्यालं, शिकवायला. खड्ड्यात काय टाकायचं त्याचा कागद दिल्याला. म्हनलं, ह्याच्याबिगर चिमूटभर दुसरं काय बी टाकायचं न्हाय. आन् घरात हिरा बाळंतीण. सुहास म्हैन्याचा. रोज धुरी, रोज राख. हिरा म्हनली, पोराच्या धुरीची राख हाय, हिच्याव कुनाचा पाय पडाया नगं. तिनं ती डालडाच्या डब्यात साठवल्याली. मला म्हनली, तुमी खड्डं भराया जाताय न्हवं? परत्येकात चिमूट चिमूट टाका. पोरगं आन् बाग संगट वाढंल." आबांनी टोपीची घडी केली, मोडली. "मी टाकली. सायबाच्या भ्यानं कुनाला सांगितलं न्हाय. पोराला बी न्हाय. हिरा असताना आमी दोघंच हसायचो त्याच्याव."

 सुहासने त्यावर काय म्हटलं ते शेवटी सांगते. ते बोलून झाल्यावर त्याने फोन काढला, बाहेर गेला, आणि आम्हाला ऐकू आलं, "अण्णा, उद्या जेसीबी नको. न्हाय न्हाय, पुढच्या आठवड्यात बी नको. नकोच."

आबांनी तुळशीला हात जोडले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, जेवून जायाचं." पिठलं, बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. मी सवयीने पिठल्यावर वाकून श्वास घेतला. काहीच नाही. कोरी पाटी. पण त्या दिवशी मला त्याचं वाईट वाटलं नाही. चार माणसं जेवायला बसली होती, त्यातला एकही चेहरा उतरलेला नव्हता, आणि भाकरी गरम होती.

स्पष्टीकरण विचाराल तर नाही. श्रीकांत म्हणतो राखेत पोटॅश असतं, वास उरत नाही, आणि सव्वीस वर्षांपूर्वीची चिमूटभर राख एकरभर मातीत शोधणं म्हणजे... इथे तो वाक्य सोडून देतो. केमिस्ट्रीच्या माणसाने वाक्य सोडून दिलं की मला फार आनंद होतो. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. कापूर, कॉफी, लवंग – मला शून्य. "मेंदू कधी कधी जुनी आठवण काढतो," म्हणाले. मान्य. पण मग माझ्या मेंदूने दुसराच ग्लास कसा निवडला? आणि हिराबाईंचा डबा त्याला कसा ठाऊक? यावर त्यांनी मला नाकात टाकायचे थेंब लिहून दिले.

निघताना आबांनी जुन्या बागेची एक बाटली हातात ठेवली होती. दर पौर्णिमेला वगैरे काही नाही, मन झालं की उघडते, झाकणभर हुंगते, परत बंद. तेवढा एकच वास माझा. मुलगी आली होती तेव्हा तिलाही दिली. ती म्हणाली, "आई, साधी वाइन आहे गं." मी म्हटलं, "असेल," आणि तिच्या टाळूवर नाक टेकवलं. ती बत्तीस दात काढून हसली.

तर राहिलं सुहासचं. आबांची कबुली संपली तेव्हा तो हातात बाटली धरून उभा होता. बाटलीकडे बघायचा, वेलांकडे बघायचा, परत बाटलीकडे. शहरात शिकून आलेला, 'मॅडम-सर' करणारा मुलगा तो, पण त्या क्षणी सगळं शिक्षण गळून पडलं आणि त्याच्या तोंडून मोठ्यांदा निघालं –

"आबा, म्हंजी... इतकी वर्सं लोक मलाच प्याल्यात व्हय?"