भावाच्या हातची काच

आमचे हे काचा कापतात. खिडक्यांच्या, तसबिरींच्या, कपाटांच्या. नाकासमोर चालणारा माणूस, पण थोरल्या बहिणीपुढे तोंडाला कुलूप.

वन्सं राहतात ती इमारत जुनी. जिन्याच्या भिंतीला तडा गेला, तेव्हा नगरपालिकेच्या साहेबांनी त्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवली आणि कोपऱ्यात तारीख कोरली. काच फुटली तर भिंत सरकतेय असं समजायचं, मग इमारत रिकामी करायची. महिन्याभरात ती फुटली. वन्सं थेट दुकानात.

"तशीच एक पट्टी काप. या वयात कुणाच्या दारात जाऊ मी?"

मी म्हटलं, "अहो, हा काय पोरखेळ आहे?" पण माझं ऐकतंय कोण. यांनी हुबेहूब पट्टी कापली, तारीखसुद्धा तशीच कोरली आणि जाऊन बसवून आले. साहेब आले, काच बघून समाधानानं गेले.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वन्संनी लेकीला निरोप धाडला, काच शाबूत आहे, बिनघोर ये. लेक तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. आम्ही बघायला गेलो, तर जिन्यातच ती हसून म्हणाली, "मामा, मी आधी काच बघितली, मगच बाळाला वर नेलं."

यांचा चेहरा असा उतरला की मलाच बघवेना. खिशातलं काच कापायचं हत्यार काढून यांनी दांड्यानं ती पट्टी फोडली. म्हणाले, "ही माझी आहे. साहेबांची केव्हाच फुटली."

लेकीनं बाळाला घट्ट धरलं. वन्सं दारातूनच म्हणाल्या, "घरभेदी."

दुसऱ्या दिवशी हे स्वतः कचेरीत जाऊन सगळं सांगून आले. साहेबांनी चारचौघांत झाडलं. इमारत रिकामी झाली. आता वन्सं आमच्याच आतल्या खोलीत आहेत. माझ्या हातचा चहा घेतात, भावाशी बोलत नाहीत. रोज तिकडे चक्कर मारतात आणि परत आल्या की मला, पण यांना ऐकू जाईल असं सांगतात, "उभी आहे हो अजून."

हे खाली मान घालून जेवतात. काल मी भांडी घासत होते, तेव्हा जवळ येऊन हळूच म्हणाले, "पडली तर बरं होईल, असं येतं गं मनात. लाज वाटते माझी मलाच."

मी यांना चांगलं फैलावर घेणार होते. पण मीही रोज देवाकडे तेच मागत होते, म्हणून गप्प भांडी घासत राहिले.