ड्रायरमागची खुर्ची

मंडईत तिचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. गिऱ्हाईक समोर येऊन उभं राहिलं की भाव सांगायच्या आधी ती सुरीने एक फोड कापायची, त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "आधी चाखा." म्हणून सगळे तिला चाखाताई म्हणायचे. फळांचा तो गाळा तिच्या सासूबाईंचा. त्या गेल्यावर तो चाखाताईने हातात घेतला आणि गिऱ्हाईक तुटू दिलं नाही.

दिवसभर तिचं तोंड चालू असायचं. संध्याकाळ झाली की मात्र चेहरा उतरायचा. सफरचंदांना डाग पडलेले, नासपती मऊ झालेल्या, अंजिरं तर हात लावू देत नसत. मिळेल त्या भावात ती माल काढायची, अंधार पडेपर्यंत बसून राहायची, आणि तरीही जे उरायचं ते कचऱ्याच्या डब्यात जायचं. ते टाकताना तिच्या फार जिवावर यायचं. एकदा तिने हौसेने गच्चीत जुन्या चादरीवर फोडी वाळत घातल्या होत्या. आधी मुंग्या आल्या, मग धूळ बसली आणि शेवटी शेजारच्यांची मांजर त्यावर येऊन निवांत झोपली. त्या फोडी चादरीसकट फेकाव्या लागल्या.

ही मांजरीची गोष्ट ती एके दिवशी नेहमीच्या एका बाईंना सांगत होती. त्या सरकारी कचेरीत होत्या, गळ्यात ओळखपत्र लटकलेलं असायचं आणि नासपती त्यांना जीव की प्राण होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, मग चादर कशाला? आमच्याकडे योजना आली आहे. उन्हावर चालणारा, फळं वाळवायचा कपाटाएवढा ड्रायर घ्यायचा. अर्धे पैसे सरकार देतं. सोमवारी या, सगळं समजावून सांगते."

चाखाताईने घरी येऊन नवऱ्याला हे सांगितलं. नवरा शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता आणि समोरून कोण कसा अंगावर येईल याचा विचार करायची त्याला सवयच जडली होती.

"म्हणजे ऊन फुकट, फळं आपली, आणि पैसे सरकार देणार? कुठेतरी मेख असणार."

"आधी आपण विकत घ्यायचा. मग त्या मॅडम येऊन बघणार, आपण खरंच वापरतोय का. मगच अर्धे पैसे खात्यात येणार."

"हीच ती मेख," नवरा समाधानाने म्हणाला. एकदा मेख सापडली की त्याचा जीव शांत व्हायचा आणि मग तो कामाला लागायचा. सोमवारी बसची फेरी संपवून तोच तिच्याआधी कचेरीच्या दारात हजर होता.

अडचण वेगळ्याच ठिकाणी निघाली. घरात तिचे सासरे होते. हयातभर त्यांनी घड्याळं दुरुस्त केली, हात थरथरायला लागले तेव्हा दुकान बंद केलं. आता त्यांचं एकच सुख उरलं होतं. गच्चीत एका बाजूला पाण्याच्या टाकीची सावली पडायची, दुसऱ्या बाजूला शेजारच्या इमारतीची. मधल्या जेमतेम एका पट्ट्यात दिवसभर ऊन असायचं आणि त्या पट्ट्यात त्यांची खुर्ची होती. त्यांना सदा थंडी वाजायची. सकाळचा चहा झाला की ते वर जायचे ते जेवायलाच खाली यायचे.

"कुठे ठेवणार ते कपाट?" त्यांनी विचारलं.

"गच्चीत, बाबा."

"गच्चीत कुठे?"

"ऊन असतं तिथे."

"तिथे मी बसतो," सासरे म्हणाले.

"तुम्हाला दुसरीकडे खुर्ची मांडून देऊ."

"दुसरीकडे ऊन नाही."

ते खरंच होतं. म्हाताऱ्या माणसाचं ऊन काढून त्यात सफरचंदं ठेवायची, हे काही तिच्या मनाला पटेना. तिने तो विषय तिथेच सोडला. नवऱ्यालाही बजावलं की आता ड्रायरचं नाव काढायचं नाही. पण घर लहान होतं आणि सासऱ्यांचे डोळे अजून चांगले होते. एका संध्याकाळी ती गाळ्यावर उरलेल्या अंजिरांची अख्खी टोपली दारातल्या कचऱ्याच्या डब्यात रिकामी करून पदराने हात पुसत उभी राहिलेली त्यांनी पाहिली. जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "आण ते कपाट. मी बसेन जिन्यात."

"बाबा, रागाने सांगताय की मनापासून?"

"रागाने. पण आण."

घरातली शिल्लक मोडून ड्रायर आला. समोरून काच, आतून काळाकुट्ट, एकाखाली एक सरकणाऱ्या जाळ्या. डोक्यावर लहानसं सोलर पॅनेल होतं, त्याच्या विजेवर आतला पंखा फिरायचा. खालून शिरलेली हवा तापायची, फोडींवरून फिरायची आणि मागच्या झरोक्यातून बाहेर पडायची. ना धूळ, ना माशी, ना मांजर. चाखाताई पहिल्या दिवशी इतक्या वेळा वर गेली की नवरा म्हणाला, "अगं, तुझ्या बघण्यानेच वाळतील त्या."

सासरे कबूल केल्याप्रमाणे जिन्यात बसले. शालीत गुरफटून, तोंड पाडून, येणाऱ्याजाणाऱ्याला पाय आवरून वाट देत. चाखाताईला त्यांच्यावरून जाताना चोरट्यासारखं व्हायचं.

दोन-तीन दिवसांनी ती फोडी उलटायला निघाली, तर जिन्यात खुर्ची नाही. ती धसकली. वर जाऊन बघते तो ड्रायर आणि कठडा यांच्या मधल्या बेचक्यात खुर्ची घातलेली, आणि सासरे झरोक्याला पाठ लावून गाढ झोपलेले. शाल गळून खाली पडली होती. ड्रायरमधून निघणारी नासपतीच्या वासाची ऊबदार हवा त्यांची पाठ शेकत होती. इतकी ऊब त्या उन्हाच्या पट्ट्यानेही त्यांना कधी दिली नसेल. चाखाताई फोडी न उलटताच चवड्यांवर खाली आली.

"काही बोलू नका त्यांना," तिने नवऱ्याला सांगितलं. "तुम्ही हसलात तर परत जिन्यात जाऊन बसतील."

कुणी हसलं नाही. आठवडाभरात सासरेच गच्चीतून हाक मारायला लागले, "सूनबाई, अंजिरं झाली. वास बदलला." ती जाऊन बघायची, तर खरंच झालेली असायची.

"तुम्हाला कसं कळतं, बाबा?"

"दिवसभर नाक तिथेच असतं. न कळून सांगतो कुणाला."

मग एकदा आभाळ भरून आलं आणि दोन दिवस तसंच राहिलं. त्या दिवसांत गाळ्यावर माल चांगला खपला होता, वाळवायला मऊ फळ नव्हतं, ड्रायर रिकामा होता. तिसऱ्या दिवशी कुठे जरासं ऊन पडलं आणि नेमक्या त्याच दिवशी कचेरीतल्या मॅडम गाळ्यावर आल्या. "चला, आज पाहणी करून टाकू."

चाखाताईने गाळा शेजारणीवर सोपवला आणि वाटेत त्यांना ड्रायरचं किती कौतुक सांगू आणि किती नको असं करत ती त्यांना गच्चीत घेऊन गेली. सासरे खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघूनच तिला काहीतरी गडबड वाटली. तोवर मॅडमनी ड्रायरचं दार उघडलं होतं.

वरच्या जाळीवर मोजे ओळीने मांडलेले होते. त्याखाली लोकरीची बंडी होती, हात पसरून. सगळ्यात खाली कानटोपी.



"हे..." मॅडम म्हणाल्या.

"मोजे," सासरे म्हणाले.

"ते दिसतंय मला."

"धुतलेले आहेत."

मॅडमनी दार लावून घेतलं. "आजोबा, हे यंत्र खाण्याचे पदार्थ सुकवायला आहे. याचा फोटो अर्जाला लावला तर अर्ज नामंजूर होईल. कपडे वाळवायला अनुदान नाही देता येत."

"तिला काही माहीत नाही," सासरे म्हणाले. "कपडे दोन दिवस ओलेच होते. हे रिकामं दिसलं, मी ठेवले. चूक माझी आणि अर्ज तिचा नामंजूर, असं नका करू."

सासऱ्यांनी आजवर कुणापुढे असा शब्द टाकलेला चाखाताईने पाहिला नव्हता. तिला रडू फुटायला आलं होतं, पण रडायला वेळ कुठे होता.

"मॅडम, खाली केळी आहेत, कालची सफरचंदं आहेत. जाळ्या धुते आणि भरून दाखवते. थांबाल?"

मॅडमनी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "थांबते. पण जाळ्या गरम पाण्याने घासा."

मग जी धांदल उडाली ती विचारू नका. नवरा दोन फेऱ्यांच्या मधे जेवायला आला होता, तो अर्धं जेवण टाकून बाह्या सारून जाळ्या घासायला बसला. सासऱ्यांनी आपले कपडे गोळा करून दोरीवर टाकले. चाखाताईची सुरी गाळ्यावर चालायची त्याच्या दुप्पट वेगाने चालायला लागली. मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग ओळखपत्र पाठीमागे टाकत म्हणाल्या, "एक सुरी द्या मला."

त्या मन लावून कापत होत्या. सासरे जवळ येऊन त्यांच्या फोडींकडे बघत राहिले.

"मॅडम, जाड होतायत. अशा नाही वाळणार."

"आजोबा, तुम्ही मोज्यांकडे बघा."

आधी नवरा हसला, मग चाखाताई, आणि मग सासरेच असे हसायला लागले की त्यांना कठड्याचा आधार घ्यावा लागला.

भरल्या ड्रायरशेजारी चाखाताईला उभं करून मॅडमनी फोटो काढला. निघताना म्हणाल्या, "मी न सांगता परत येणार आहे." आणि त्या आल्याही. त्या दिवशी वरपासून खालपर्यंत अंजिरं होती. मागच्या खुर्चीतून आवाज आला, "अजून झाली नाहीत, दार जास्त वेळ उघडू नका." मॅडमनी निमूटपणे दार लावलं.

अनुदान खात्यात जमा झालं तेव्हा नवऱ्याचा विश्वास बसेना. बँकेत जाऊन खात्री करून आला तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

आता चाखाताईच्या गाळ्यावर ताज्या फळांशेजारी वाळवलेल्या फोडींची पाकिटं असतात. नवऱ्याच्या शाळेतल्या बाई डब्यात ठेवायला घेऊन जातात. मऊ पडलेलं फळ बघून तिचा चेहरा आता उतरत नाही, आणि त्यासाठी अंधारापर्यंत बसावंही लागत नाही. उजेड असतानाच गाळा बंद होतो.

हाताशी आलेल्या या संध्याकाळचं काय करायचं, हे तिला पहिले काही दिवस कळतच नव्हतं. मग तिने नवऱ्याला म्हटलं, "मला स्कूटर शिकवा." त्याने मेख शोधून पाहिली, सापडली नाही. मित्राची जुनी स्कूटर मागून आणली आणि दोघं शाळेमागच्या मैदानात जायला लागले. नवरा मागे बसून ओरडतो, "ब्रेक, ब्रेक, अगं ब्रेक." ती शांतपणे म्हणते, "अहो, बस नाही ही," आणि मैदानाला आणखी एक फेरी मारते.