मधला गेला तर

तळेगावच्या दवाखान्यातल्या बाकावर अपेक्षा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. शेजारी धोंडाबाई, डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटलेल्या. आज त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मुलाने, आदिनाथने, फोन उचलला नाही, तेव्हा घटस्फोट झालेली सूनच म्हातारीला पवनानगरहून घेऊन आली. लग्नानंतर अपेक्षा त्यांना तिकडच्या रीतीप्रमाणे आत्या म्हणायची. घटस्फोट झाला आणि ती काहीच म्हणेनाशी झाली. 'ऐकलं का'वर भागवायची. आपण आता यांच्या कोण, हे तिला उमगत नव्हतं. विचार करायलाही अंगात त्राण नव्हतं.

तेवढ्यात बजरंगभाऊंचा फोन. धरणाकाठी त्यांचे तंबू, आणि बुकिंग अपेक्षाने बनवलेल्या वेबसाइटवर.

"म्याडम, पाव्हणे दारात उभे हायेत, अन् तुमची साइट म्हन्ती, ह्यांची वळखच न्हाई."

तिने डेटाबेस उघडला आणि कपाळाला हात लावला. पाहुणा आणि कॅम्प यांचं थेट नातं त्यात नव्हतंच. दोघांना जोडायची ती मधली बुकिंगची नोंद, आणि नोंद ते बुकिंग करून देणाऱ्या मधल्या एजंटच्या नावाला बांधलेली. नोकरी सोडून गेलेल्या एजंटचं नाव सकाळी बजरंगभाऊंच्या ऑफिसातल्या कुणीतरी काढून टाकलं. त्याच्यामागोमाग त्याची सगळी बुकिंगं गेली, आणि बिचारे पाहुणे कुणाचेच राहिले नाहीत. मधला गेला की त्याच्या आधाराचं सगळं जावं, हा नियम अपेक्षानेच लिहिलेला, कोर्टाच्या तारखा चालू होत्या तेव्हा. त्या दिवसांत तिला तो अगदी रास्त वाटला होता.

बॅकअपमधून तिने बुकिंगं परत आणली. नियमही बदलला: एजंट गेला तर त्याची जागा रिकामी राहील, नोंद मात्र जागच्या जागी.

"आले बगा पाव्हणे आत," बजरंगभाऊ म्हणाले. तिला बरं वाटायला हवं होतं, पण नुसती जांभई आली.

नर्स बाहेर आली. "पेशंटसोबत कोण आहे? नातं काय तुमचं?"

सून म्हणावं तर खोटं, आणि कुणी नाही म्हणायला जीभ रेटेना. "म्हणजे, यांचा मुलगा..." अपेक्षा अडखळली.

"त्याला कशाला मधी आनतीस?" धोंडाबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "लिवा वो बाई. मी आत्या हाय हिची."

नर्सने 'भाची' असं लिहून घेतलं आणि दार उघडून धरलं.

अपेक्षाने लॅपटॉप मिटला. तिने म्हातारीचा हात धरून तिला उठवलं.

"हळू, आत्या. पुढं उंबरा आहे."